एक दगड उशीवर, एक पिंपात

उजियामादा, पिंपवाल्यांची आळी
शोवा सन २८, उमेची आंबट फळं उन्हात वाळत घालायचे दिवस

नागोया मुक्कामी विजेच्या पंख्याखाली विराजमान झालेल्या नुईबाईसाहेबांच्या चरणी थोरल्या बहिणीचा, शिमोचा, वाकून नमस्कार.

थोरलीने धाकटीला वाकून नमस्कार करायचा नसतो, हे मला ठाऊक आहे. पण तुझं मागचं पत्र वाचून घेतलं तेव्हा त्यात दर दोन ओळींनी ‘ताई, आता या वयात’ असं येत होतं. तेव्हा मला वाटलं, मधल्या काळात तूच थोरली झालीस आणि मला कुणी कळवलं नाही. पाऊस एकदाचा सरला आहे, झाडांवरचे किरकिरे किडे पहाटेपासून कामाला लागले आहेत, आणि आमच्याकडे सगळे ठीक आहेत. तुझे गुडघे कसे आहेत? तुझ्या पत्रात आधी गुडघे येतात, मग त्यांच्या मागोमाग तू येतेस, म्हणून मीही त्यांनाच आधी विचारलं. तुझ्या मुलाला आशीर्वाद सांग. सुनेलाही सांग, आणि पंख्याला सांगितलास तरी चालेल, कारण पत्रात सुनेपेक्षा त्याचंच कौतुक जास्त होतं.

हे अक्षर माझ्या नातवाच्या, उनोकिचीच्या, बायकोचं आहे. मित्सुए तिचं नाव, लग्नात तू तिला पाहिलंस. सातवा महिना आहे तिला, त्यामुळे पोटाच्या पलीकडे हात लांब करून लिहिते आणि ओळी वर चढत जातात, त्याला माझा इलाज नाही. मला अक्षर येत नाही ते का येत नाही, हे तुला सांगायला नको. ज्या वयात पोरी शाळेत जातात त्या वयात मी तुला पाठीला बांधून शाळेबाहेर उभी असायची. पुढे तू शिकलीस, आणि त्या शिक्षणाचा उपयोग करून गुडघ्यांविषयी पत्रं लिहायला लागलीस. असो. (मित्सुए लिहिते आहे म्हणून तिच्याविषयी या पत्रात सगळं चांगलंच येईल. ते तू त्या बेताने वाच.)

आता मुद्द्याचं. तुला माहीतच आहे की यंदा मोठ्या देवळाची नवी वास्तू उभी राहिली. वीस वर्षांनी व्हायची ती लढाईमुळे चोवीस वर्षांनी झाली. देवाला थांबावं लागलं, मग आपलं काय. आणि वास्तू नवी झाली की तिच्याभोवती पांढरे दगड घालायला आपण गावच्या माणसांनी जायचं, एरवी जिथे डोकावतासुद्धा येत नाही त्या कुंपणाच्या आत. मागच्या खेपेला आपण दोघी गेलो होतो. तू तुझा दगड माझ्या अंगठ्यावर पाडलास आणि वर म्हणालीस, ‘ताई, बघ ना, छपराचा सोनेरी लाकडी रंग कसा दिसतो!’ मी अंगठा धरून बसले होते, म्हणून छप्पर नीट बघायचं राहिलं. तेव्हा मी स्वतःला म्हटलं होतं, पुढच्या वेळी बघू. ती पुढची वेळ आली आहे. तिच्या पुढच्या वेळेला मी कुंपणाच्या आत जाऊन दगड घालीन की कुणीतरी माझ्यावर दगड ठेवून मोकळं झालेलं असेल, याचा अंदाज तू तुझ्या त्या ‘या वयात’वरून बांधलाच असशील. म्हणजे काय, की मला यंदा जायचं आहे. बाकी सगळा मजकूर याच्या अलीकडचा आणि पलीकडचा आहे.

तर उनोकिची म्हणाला, आजी, तू घरी राहा. का, तर म्हणे गर्दी, ऊन, आणि पायाखाली सगळे सुटे दगड, तू अडखळशील. मी अडखळते असा याचा शोध. शोध कशावरून लागला, तर एक दिवस अंगणातल्या बांबूवर याचा कामाचा अंगरखा वाळत होता, आणि त्याच्याशी मी थोडा वेळ बोलले. त्या जागी रोज शेजारची विधवा बाई उभी असते. मी तिची तब्येत विचारली, नवरा गेल्याचं पुन्हा एकदा वाईट वाटून घेतलं, आणि ती काही बोलेना म्हणून ‘एवढा ताठा बरा नव्हे’ असंही ऐकवलं. अंगरख्याला काहीच वाटलं नाही, पण माझा नातू दारात उभा राहून हसला. आता मला सांग, माणसाच्या जागी अंगरखा उभा राहिला तर चूक माणसाची की अंगरख्याची? पण एवढ्यावरून घरात ठरलं की म्हातारी सांभाळायची झाली. हा पोरगा बाप गेल्यापासून माझ्या हाताखाली वाढला, पिंपाची फळी कुठली गळेल हे मी याला बोटांनी चाचपून शिकवलं, आणि आता हा मला उंबरठे मोजून दाखवतो.

मी जेवण सोडलं. (संध्याकाळचं. सकाळचं जेवले होते.) तेव्हा तो थोडा खाली आला आणि त्याने एक अट घातली. अट त्याच्या मते फार हुशारीची होती. तो म्हणाला, “बरं, आजी. तू स्वतः नदीवर जाऊन तुझा दगड स्वतः निवड. कुसुमी मास्तरांनी तो पास केला, तर मी तुला नेतो. नाही केला, तर गुपचूप घरी बसायचं आणि माझ्या हाती दगड पाठवायचा. कबूल?” मी म्हटलं, कबूल. आपल्या वेळी असं काही नव्हतं, नुई. पांढरा दिसला, मुठीएवढा दिसला, उचलला, धुतला, नेला. पण आता आळीत दगड तपासणी मंडळ निघालं आहे, आणि शाळेत विज्ञान शिकवणारे कुसुमी मास्तर त्याचे मुख्य, चिटणीस आणि एकुलते एक सभासद आहेत.

मंडळ का निघालं तेही ऐक, म्हणजे आपल्या आळीची प्रगती तुझ्या ध्यानात येईल. वसंतात सगळ्यांनी आणलेले दगड आमच्याच दुकानातल्या एका पिंपात पाण्यात घालून ठेवले होते. काही दिवसांनी पिंपाला वास यायला लागला. दगडाला वास येतो हे कुणी ऐकलं नव्हतं, म्हणून आधी सगळ्यांनी पिंपाला दोष दिला, म्हणजे उनोकिचीला. शेवटी पिंप उपसलं, तर तळाशी एक पांढरा दगड फुगला होता. फुगून मऊ झाला होता आणि त्याला हिरवी लव आली होती. तो कोपऱ्यावरच्या छत्रीवाल्याकडचा नववर्षाचा मोची निघाला, कुटलेल्या भाताचा गोळा. फळीवर देवापुढे ठेवलेला, वाळून वाळून खडखडीत झालेला. त्याच्या आंधळ्या आईने तो दगड समजून धुऊन दिला, असं तो म्हणतो. (आई बिचारी ठणठणीत बघते. दोष द्यायला म्हातारी बरी सापडते.) त्याच पिंपात एक साकेच्या बाटलीचं बूडही निघालं, नदीने घासून घासून इतकं गोल केलेलं की त्याला कुणीही देवाजवळ ठेवलं असतं. मग मास्तरांनी जाहीर केलं की यापुढे पिंपात जाईल ती फक्त खरी गारगोटी, आणि ती खरी आहे हे ते सिद्ध करून घेतील.

मग आम्ही मियागावा नदीच्या काठी गेलो, मी आणि मित्सुए, आणि मास्तर आमच्या मागे चाकूसह. मास्तर हा फार विद्वान माणूस आहे. त्याला एक गोष्ट विचारली की तो तिच्या आजोबांपासून सुरुवात करतो. मी फक्त एवढंच विचारलं होतं की मास्तर, पाणी गार आहे का? त्यावर ते गारगोटीच्या जन्मावर बोलायला लागले. डोंगराच्या पोटात खोल भेगा असतात म्हणे, त्यांतून उकळतं पाणी वर चढतं, आणि त्या पाण्यात विरघळलेलं काही भेगेच्या कडांना धरून हळूहळू गोठतं, त्याची पांढरी शीर होते. मग डोंगर झिजतो. मऊ दगडांचा चिखल होतो, त्याहून बऱ्यांची वाळू होते, आणि ही शीर तुटून तिचे तुकडे नदीतून आपटत आपटत खाली येतात, गोल होतात, पण संपत नाहीत. आजूबाजूचे सगळे झिजून गेले तरी ते आपले तसेच. मी म्हटलं, अशी एक वस्तू प्रत्येक घरात असते, मास्तर, फक्त तिला गारगोटी न म्हणता आजेसासू म्हणतात. मित्सुए हसली नाही. फार गुणी मुलगी आहे.

मास्तरांची आणखी एक गोष्ट मात्र माझ्या डोक्यात बसली. ते म्हणाले, ही गार मुळात पांढरी नसतेच. मुळात ती काचेसारखी आरपार असते. पण गोठताना तिच्या आत पाण्याचे बारीक बारीक थेंब अडकतात, उजेड आत शिरला की त्यांच्यावर आपटून विखुरतो, आणि आपल्याला ती पांढरी दिसते. म्हणजे आरपार असलेली गोष्ट आतल्या आत धुकं साचून पांढरी होते. हे मला फार लवकर पटलं. बाकीच्यांना समजायला वेळ लागला.

मग निवड. माझी पद्धत जुनी आहे. मी पाण्यात अनवाणी उतरते आणि तळव्याने बघते. चिखलाचा दगड तळव्याला ऊबदार लागतो, वाळूचा खरखरतो, आणि गारगोटी तळव्याला जरा परकी लागते, तिला तुमचं काही घेणंदेणं नसल्यासारखी. मग उचलायची, जिभेला लावायची, दाताखाली धरायची. मास्तर काठावरून ओरडले, “आजी, दगड चाटू नका! शेतातलं पाणी येतं हो वरून!” मी म्हटलं, मास्तर, मी याच नदीचं पाणी पिऊन तुमच्या दुप्पट झाले. त्यावर त्यांनी मला त्यांची पद्धत शिकवली, आणि ती वाईट नव्हती, फक्त लांबलचक होती. चाकूचं टोक गारगोटीवर ओढायचं. ओरखडा उठत नाही, उलट चाकूच झिजून दगडावर करडी रेघ सोडतो. बाटलीच्या काचेवर गारगोटी घासायची. काचेला चर पडतो. फुटलेली कड बघायची. पायरीसारखी सपाट फुटली तर ती गारगोटी नव्हे, शिंपल्याच्या आतल्या अंगासारखी वाकडी फुटली तर होय. व्हिनेगरचा थेंब टाकायचा. फसफसला तर तो चुनखडीचा भाऊबंद, त्याला नमस्कार करून परत नदीत सोडायचं. एवढं सगळं एका दगडाला विचारायचं. उनोकिचीचं लग्न ठरवताना आम्ही मित्सुएला याच्या निम्मंही विचारलं नव्हतं.

मी दोन दगड आणले. एक माझ्या तळव्याने शोधलेला. मुठीत मावणारा, जरा ओबडधोबड, एका बाजूला खळगा, इतका बेताचा की अंगठा आपोआप त्यात जाऊन बसावा. त्याच्यावर गंजासारखी तांबूस रेघ आहे असं मित्सुए म्हणाली, आणि नाक मुरडून म्हणाली. (ती नाक मुरडत नाही. तिच्या आवाजाला सुरकुती पडते.) दुसरा तिने दाखवलेला: “आजी, हा बघा ना, किती सुंदर! दुधासारखा! एक डाग नाही!” हातात घेतला तर खरंच बाळाच्या टाळूसारखा गुळगुळीत. मी ठरवलं, हाच देवाचा. सुंदर माणसांना पुढे बसवायचं असतं, हे तुझ्या बाबतीत आई नेहमी करायची. आणि तो रेघवाला, तो उमेच्या लोणच्याच्या पिंपात झाकणावर दडपण म्हणून होईल. मास्तर तोवर छत्रीवाल्याच्या मागे लागले होते, म्हणून आमचे दगड त्यांनी त्या दिवशी तपासले नाहीत. परीक्षा पावसाळा संपल्यावर ठरली.

मित्सुएने दोन्ही दगड घासून धुतले आणि पांढऱ्या फडक्यात बांधून ठेवले. देवाच्या दगडाला लाल दोरा, पिंपाच्या दगडाला पांढरा दोरा. लाल दोऱ्याचं गाठोडं देवाच्या फळीखाली छोट्या उशीवर ठेवायचं आणि परीक्षेपर्यंत कुणी हात लावायचा नाही, असं मी फर्मावलं. दोन्ही गाठोडी त्या रात्रीपुरती स्वयंपाकघराच्या कट्ट्यावर होती. दुसऱ्या दिवशी उमे खारवायला घेतले. दरवर्षी थर मित्सुए लावते, मीठ, उमे, मीठ, उमे. पण या खेपेला तिने वाकायचं नाही म्हणून मीच बसले, थर लावले, झाकण टाकलं, कट्ट्यावरचं गाठोडं उचलून वर ठेवलं आणि दुसरं गाठोडं उशीवर नेऊन ठेवलं. दोन हात जोडले. मित्सुए मागे उभी होती, काही बोलली नाही. स्वयंपाकघर आमचं जरा अंधारं आहे, तुला ठाऊक आहे.

मग पाऊस लागला तो लागलाच. रोज सकाळी मी उशीवरच्या त्या सुंदर दगडापुढे हात जोडायची आणि संध्याकाळी पिंपातल्या रेघवाल्याला ‘नीट बस रे, हलू नको’ म्हणायची. मध्ये लाल शिसोची पानंही पिंपात घातली. घरभर त्याचा वास. तुझ्या पंख्याला असला वास माहीत नसेल.

परीक्षेच्या दिवशी मास्तर सकाळीच आले, चाकू, बाटली, व्हिनेगर आणि भिंग घेऊन. उनोकिची कामावरचा अंगरखा घालून दारात उभा. (तोच तो अंगरखा. मी त्याच्याकडे बघितलं नाही.) मी उशीवरचं गाठोडं मांडीवर घेतलं, दोरा सोडला, फडकं उघडलं, दगड उचलला, आणि माझा अंगठा खळग्यात जाऊन बसला.

मित्सुएने श्वास आत ओढला तो मला ऐकू आला. नुई, त्या क्षणी मला सगळं कळलं: उशीवरची बाई इतके दिवस पिंपात होती, आणि पिंपातला हमाल उशीवर. लोक म्हणतील की म्हातारीने गाठोडी उलटीसुलटी केली. म्हणोत. मी दगड मास्तरांपुढे केला आणि म्हटलं, हाच. मुद्दामच निवडला. रेघ आहे ती असू दे, एवढी वर्षं नदीत राहिल्यावर तुम्हालाही येईल.

मास्तरांनी चाकू ओढला. चाकू झिजला. बाटलीवर घासला. बाटली चिरली. व्हिनेगर टाकलं. काही नाही, नुसतं ओलं. भिंगातून रेघ बघितली आणि म्हणाले, हे लोखंडाचं पाणी मुरलंय, दगडात दोष नाही. मग म्हणाले, आता शेवटचं: अंधारात दोन गारगोट्या एकमेकींवर घासल्या की आतून उजेड येतो, पण भरदिवसा अंधार कुठून आणायचा? मी म्हटलं, गाद्यांच्या कपाटात. त्यांना हे पसंत नव्हतं. पण मंडळाचा नियम मंडळानेच केला होता. म्हणून गाद्या बाहेर काढल्या, आणि खालच्या कप्प्यात मी आणि कुसुमी मास्तर गुडघे पोटाशी घेऊन बसलो (गुडघे माझे अजून पोटाशी येतात, सहज सांगितलं), आणि मित्सुएने दार ओढून घेतलं. आत मास्तर फार अदबीने खोकले. म्हणाले, “आजी, माफ करा हं, माझं कोपर लागलं.” मी म्हटलं, लागू द्या, बऱ्याच वर्षांत कुणाचं लागलं नव्हतं. मास्तरांनी कोपर आवरून घेतलं.

मग मी माझा दगड त्यांनी खिशातून काढलेल्या गारगोटीवर जोरात घासला. आणि नुई, आत उजेड झाला. ठिणगी नव्हे, ठिणगी बाहेर उडते. हा दगडाच्या पोटातला, पिवळट, कंदील कागदात पेटावा तसा. आणि जळल्यासारखा वास आला, आई शकुन म्हणून कामावर जाणाऱ्या बाबांच्या पाठीमागे चकमक झाडायची तसा. “दिसलं का?” मास्तरांनी विचारलं. मी म्हटलं, दिसलं. पुन्हा घासला. पुन्हा दिसलं. मी जरा जास्तच वेळा घासला असेन, कारण बाहेरून उनोकिचीने दार सरकवलं आणि म्हणाला, “आजी, चाललंय काय तुमचं? मास्तर घामाने भिजलेत!” मास्तर बाहेर आले, चष्मा पुसला आणि म्हणाले, पास.

मग पिंप उघडलं. उमे उन्हात घालायचे होते. फडक्यातून जे निघालं ते तू बघायला हवं होतंस. दुधासारखी ती सुंदर बाई अंगभर भोकं पडलेली, एका बाजूने खंगलेली, आणि शिसोच्या रंगाने गुलाबी झालेली, म्हातारपणी गालाला रंग लावल्यासारखी. चुनखडीचा दगड होता. झाकणावर चढलेल्या उमेच्या आंबट पाण्याने त्याला रोज थोडं थोडं खाल्लं, आणि त्याने उमेची आंबटाई खाल्ली. उमे तोंडात घातले तर भिंतीचा चुना चाटल्यासारखे लागतात. मास्तरांनी तो दगड हातात फिरवून बघितला आणि म्हणाले, “हा जर आज उशीवर असता, आजी...” मी म्हटलं, म्हणून तर पिंपात घातला होता, मास्तर. तुम्ही व्हिनेगरचा एक थेंब टाकता, मी वर्षाचे उमे टाकले. परीक्षा करावी तर अशी सढळ हाताने.

उनोकिचीने डोकं खाजवलं (पिंपवाले खाजवतात तसं, कानामागे) आणि म्हणाला, शब्द तो शब्द, आजी, तू येणार. तेव्हा तुला कळवायला आनंद होतो की तुझी ‘या वयातली’ बहीण यंदा कुंपणाच्या आत जाऊन स्वतःच्या हाताने दगड ठेवणार आहे. एक क्षुल्लक गोष्ट राहिली आहे, ती खाली.

तुझी थोरली (असं अजून तरी समजते),
शिमो

ता. क. आमचे यंदाचे उमे कुणी खाऊ शकत नाही. तुमच्याकडचे चांगले आंबट असतील तर एक बरणी लागेल. टपालाने पाठवू नकोस, बरणी फुटते. हाताने आणावी लागेल.

ता. क. दुसरा. बरणी आणायला तू आलीसच, तर दगड घालायच्या दिवशी तुला सोबत नेईन म्हणते. तू इथलीच लेक, तुला कोण अडवणार. तुझे गुडघे असे. सुट्या दगडांवर तू एकटी कशी चालशील याची मला काळजी वाटते. उनोकिची दगडांची गाडी ओढायच्या दोराला असेल, मित्सुएला अशा दिवसांत गर्दीत न्यायचं नाही, आणि उनोकिची म्हणतो की कुणी हात धरायला असल्याशिवाय तो मला आत सोडणार नाही. म्हणजे तुझ्या गुडघ्यांसाठी मला तुझा हात धरावा लागेल. उपकार मानू नकोस.

नुई आजींना मित्सुएचा साष्टांग नमस्कार. आजी पाणी प्यायला उठल्या आहेत, म्हणून घाईत लिहिते. त्यांना आता जवळजवळ दिसत नाही. दोन्ही डोळ्यांत पांढरं आलं आहे. आम्हाला कुणाला कळलेलं नाही असं त्या समजतात, आणि आम्ही तसंच ठेवलं आहे. लाल दोऱ्याचं गाठोडं पिंपावर जाताना मी पाहिलं होतं. पण सांगितलं असतं तर का सांगितलं हेही सांगावं लागलं असतं. म्हणून चुना खाल्ला. त्या दिवशी कपाटातून बाहेर आल्यावर आजी बराच वेळ भिंतीकडे तोंड करून बसल्या होत्या. मास्तर जाताना मला हळूच म्हणाले, आत त्या रडत होत्या. तेव्हापासून रोज दुपारी त्या दगड घेऊन कपाटात जातात आणि दार ओढून घेतात. कृपा करून या. तुमच्या गुडघ्यांना त्यांच्याच हाताचा आधार हवा आहे, असं दाखवा.

ता. क. तिसरा, माझा. मी पाणी पिऊन आले. मी बोलायची थांबले होते तरी आतल्या खोलीपर्यंत लेखणी चालल्याचा आवाज येत होता. मला वाचता येत नाही, ऐकू येतं. मित्सुएने काय लिहिलं ते मी विचारलं नाही, तिनेही सांगितलं नाही, आणि आता हे लिहिताना ‘हं, पुढे?’ म्हणणाऱ्या तिच्या आवाजाला पुन्हा सुरकुती पडली आहे, त्यावरून मला पुरेसं कळलं. बरं झालं, एक वाक्य माझ्या तोंडून निघत नव्हतं, ते तिने परस्पर उरकलं.

तर आता सरळच सांगते. तू ये. बघायचं काम तुझं. छप्पर, खांब, लाकडाचा रंग, जे असेल ते मला कानात सांगायचं, पण जे असेल तेवढंच. पत्रातल्या पंख्यासारखं फुगवून नको. चालायचं काम माझं, मी तुला धरते. दोघी मिळून कशीबशी एक धड बाई होते, म्हणून एकच दगड पुरे. खळगा एकाच अंगठ्यापुरता आहे, पण मी चाचपून बघितलं, दुसऱ्या बाजूला अजून एक आहे, जरा उथळ. तो तुझा. या खेपेला माझ्या पायावर पाडू नकोस.